ग्रीनस्टेडची लपाछपी

फिल्मचा कॅमेरा गेला, पण त्याची काळी डबी काही गेली नाही. आमच्या घरी तिच्यात रिक्षासाठी सुटे पैसे असत. इंग्लंडमध्ये ती कुंपणाच्या मुळांत नाहीतर दगडी पुलाच्या सांदीत दडून बसलेली असते, आणि पोटात कागदाची बारीक सुरळी बाळगून असते. ती हुडकायची, सुरळीवर नाव-तारीख टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि होती तिथे, होती तशी ठेवून द्यायची. खेळ एवढाच. नाव जिओकॅशिंग.

या खेळाची जन्मकुंडली मांडता येते. 2 मे 2000 रोजी अमेरिकेच्या सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटर भरकटणारी यंत्रं एका रात्रीत शहाणी झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगनच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. इंग्रजांना मात्र याचं फार अप्रूप वाटायचं कारण नव्हतं. जेम्स पेरट या वाटाड्याने 1854 मध्येच डार्टमूरच्या दलदलीत, क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली होती. चिखल तुडवत तिथवर पोचलेल्याने आपलं कार्ड तीत टाकायचं. हौस जुनीच, उपग्रह तेवढे मागाहून आले.

ब्रिटनमध्ये ‘चर्च मायक्रो’ नावाची या डब्यांची एक मालिकाच आहे. गावोगावच्या चर्चच्या आसपास कुणीतरी डबी लपवलेली. एसेक्समध्ये राहणारा माझा भाचा या नादाला लागलाय, म्हणून मीही त्याच्याबरोबर चिपिंग ओंगारला उतरले. 1994 पर्यंत लंडनची ट्यूब इथवर येत असे, आता बस. तिथून शेतांमधून मैलभर चाललं की ग्रीनस्टेड. वाट सरळ आहे, पण एसेक्सची चिकणमाती पावसानंतर पाय सोडत नाही. दर पावलाला बूट जड होत जातो आणि गवतावर घासून घेतलेला तळवा चार पावलांत पुन्हा होता तसा.

मग झाडांआडून पांढऱ्या फळ्यांचा बुटका मनोरा दिसतो. मनोऱ्याकडे मी फारसं पाहिलं नाही. भिंतीनेच धरून ठेवलं. ओकाची खोडं उभी चिरून शेजारी शेजारी उभी केलेली. बाहेरून गोल, आतून सपाट. एका खोडावर तळहात टेकवला. उभ्या भेगा अशा, की बोटाचं पेर आत जावं. किड्यांनी पाडलेली भोकं, रंग राखेसारखा करडा, आणि मधूनच एखादी गाठ घासून गुळगुळीत झालेली. खाली मात्र विटांचा ओटा आहे. 1848 च्या दुरुस्तीत खोडांचे कुजलेले पाय कापले आणि ती या ओट्यावर बसवली. पूर्वी हे लाकूड इसवी सन 845 चं मानत. पुढे झाडाच्या वाढीची वलयं मोजली गेली, तेव्हा ते 1063 ते 1108 च्या दरम्यानचं ठरलं. दोनेकशे वर्षं कमी झाली, तरी जगातलं सगळ्यांत जुनं उभं लाकडी चर्च म्हणून याचंच नाव घेतात. 1013 मध्ये संत एडमंडचा देह लंडनहून बरी सेंट एडमंड्सला परत नेताना इथे विसावला होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर त्या रात्री या भिंती नव्हत्या. आधीचं एखादं देऊळ असणार.

चर्चच्या डबीला बहुधा थेट पत्ता नसतो. आवारातली सालं आणि पाट्या वाचून आकडे जमवायचे, ते सूत्रात घालायचे, तेव्हा कुठे खरी जागा कळते. शेवाळ चढलेल्या दगडावर 6 आहे की 8, हे वाकून, बाजूने उजेड घेऊन ठरवावं लागतं. कबरींना आणि भिंतींना धक्का लावायचा नाही हा दंडक. मला या खेळातलं हेच आवडलं. नुसती पाहायला आले असते तर फोटो काढून दहा मिनिटांत परतले असते. इथे तो आकडा वाचल्याशिवाय सुटका नाही.

एक साल मात्र आमच्या सूत्रात नव्हतं, आणि मी त्यापाशीच अडकले. 1839. त्या वर्षी जेम्स ब्राइनचं एलिझाबेथ स्टँडफिल्डशी याच चर्चमध्ये लग्न लागलं. हा ब्राइन टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांपैकी एक. तिथे, डॉर्सेटमध्ये, आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठावरून सात झाली, सहावर येईल अशी धास्ती पडली, तेव्हा त्यांनी संघटना बांधली. संघटना बांधणं तेव्हा गुन्हा नव्हता. म्हणून जमीनदारांच्या बाजूने दुसरंच कलम शोधलं गेलं: नव्या सभासदाला डोळ्यांवर पट्टी बांधून, सांगाड्याच्या चित्रासमोर गुप्ततेची शपथ दिली, हा अपराध. त्यासाठी आरमारातल्या बंडानंतर केलेला 1797 चा कायदा बाहेर काढला. 1834 मध्ये सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ऑस्ट्रेलियाला रवानगी झाली. देशभर गदारोळ झाल्यावर 1836 मध्ये माफी मिळाली. परतल्यावर लोकवर्गणीतून त्यांच्यातल्या काहींना या भागात खंडाने शेती घेऊन दिली. इथल्या धर्मगुरूंनाही हे लोक नकोसेच होते. पुढच्या दशकात त्यांनी कॅनडा गाठलं, आणि तिथे जुनी गोष्ट फारशी कुणाला सांगितली नाही म्हणतात.

आम्ही सुट्टीच्या दिवशी मजेखातर गुपितं राखत होतो. नऊ शिलिंगवाल्यांना गुपित राखल्याबद्दल समुद्रापार जावं लागलं, आणि पुढे पोटापाण्यासाठी पुन्हा गुपितच राखावं लागलं. लपवण्याची गंमत वाटायला पोट भरलेलं लागतं, हे मला तिथे, बोटांना शेवाळ लागलेलं असताना, जरा टोचलंच.

‘मावशी, झिरो मीटर दाखवतंय,’ भाचा ओरडला. झाडांखाली फोनवर विश्वास ठेवू नये. शेवटचे चार-पाच मीटर हातांनीच चाचपावे लागतात. एवढ्यात कुत्रा घेऊन एक बाई आल्या. खेळाबाहेरच्या माणसाला हे लोक हॅरी पॉटरमधल्यासारखं ‘मगल’ म्हणतात, आणि त्याच्यासमोर शोधायचं नसतं. आम्ही दोघांनी एकदमच बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. बाई हसून म्हणाल्या, ‘आणखी थोडं डावीकडे.’

डबी कुठे होती ते सांगणार नाही. या खेळात तो खरा अपराध. सुरळीवर कशीबशी सही केली. दोन डब्यांत निदान 161 मीटर अंतर हवं असा नियम आहे, पण पुढची निघाली किलोमीटरभर लांब, नांगरलेल्या शेतापलीकडे.

‘बस की डबी?’ भाच्याने विचारलं.

‘आधी चिखल किती आहे ते बघ,’ मी म्हटलं.