दिवाळीक सुटतला

आमच्या मालवणच्या घरी एक लाकडी कोडं होतं आणि ते वर्षातून फक्त दिवाळीत सुटायचं.

गोष्ट १९८१ च्या आधीची. सिंधुदुर्ग जिल्हा अजून व्हायचा होता, मालवण रत्नागिरीत होतं. कोडं केलं आमच्या वाडीतल्या मेस्त्रींनी. दुरुस्तीच्या कामाला आले, दाराच्या चौकटी बसवल्या आणि उरलेल्या फणसाच्या तुकड्यांतून सहा चौकोनी दांड्या काढल्या. मधोमध खाचा, आणि सगळ्या एकमेकींत अशा गुंतवलेल्या की तिन्ही दिशांना दोन-दोन दांड्या डोकवायच्या. खिळा नाही, सरस नाही. लाकडी खेळणं म्हणजे आम्हाला ठाऊक सावंतवाडीच्या चितारआळीतली पांगाऱ्याची रंगीत फळं. याला रंगाचा ठिपकाही नव्हता. नवं होतं तेव्हा गऱ्यासारखं पिवळंधमक, मग हाताळून हाताळून तांबूस झालं.

जूनमध्ये दमट हवा घरात शिरली की मिठाला पाणी सुटायचं, पापड मऊ पडायचे आणि कोडं गच्च बसायचं. लाकूड लांबीत फुगत नाही म्हटलं तरी चालेल. फुगतं ते आडवं. मेस्त्रींनी खाचेत ठेवलेली केसभर मोकळीक पाऊस भरून काढायचा. आम्ही गुडघ्यांत धरून ओढायचो. मेस्त्री दिसले तर ओरडायचे, "जोर कित्याक काढतास रे? दिवाळीक आपसूक सुटतला."

आणि सुटायचंच. दसऱ्यानंतरच्या उन्हाने लाकूड आटायचं. चावदिवशी पहाटेच्या आंघोळी, तुळशीपुढे कारीट फोडणं, गोडे-तिखट पोहे असं सगळं उरकलं की मुंबईहून आलेली भावंडं आणि आम्ही खळ्यात कोंडाळं करायचो. सहांतल्या एका दांडीला खाचच नसते; ती किल्ली. ती सरकली की बाकीच्यांना हलायला जागा होते. पण टोकं सगळी सारखी, त्यामुळे किल्ली दिसून कळायची नाही. टोकं अंगठ्याने हलकेच दाबत जायचं. अडलं, अडलं, अडलं, आणि मग एक सुळकन आत.

खरी परीक्षा परत जोडताना. तिथे मुलगे हटकून हरायचे. माझी थोरली चुलतबहीण मात्र दांड्या जमिनीवर ओळीने मांडून नुसत्या खाचा बघत बसायची. आम्ही तिला हसायचो. मग ती एकेक उचलायची आणि कोडं उभं! मेस्त्री म्हणाले, "ह्या चेडवाक पटाशी द्येवा." तिच्या आईला ते फारसं आवडलं नाही.

अशा सहा दांड्यांच्या कोड्याचा पुढे एका अमेरिकन माणसाने, बिल कटलर यांनी, संगणकावर पार हिशेब मांडला. आत पोकळी न राहता जुळणाऱ्या रचनाच १ लाख १९ हजार ९७९. पोकळीवाल्या धरल्या तर १९९० साली आकडा निघाला ३५०० कोटींच्या वर. मेस्त्रींच्या डोक्यात त्यातली एकच होती आणि ती त्यांना पुरली. खाच किती खोल घ्यायची हे छपराची लाकडं जोडून त्यांच्या हाताला माहीत होतं.

पुढच्या वर्षी आमची ऐट फार वाढली, तेव्हा त्यांनी दुसरं कोडं आणून दिलं. दिसायला हुबेहूब तसंच. आम्ही भाऊबीजेपर्यंत झटलो, उन्हात ठेवलं, चुलीजवळ ठेवलं. बहिणीलाही पहिली दांडी सापडेना. शेवटी मेस्त्रींनाच बोलावलं. त्यांनी तंबाखू मळत ते आमच्यापुढे फिरवलं.

"रेषा कोणी बघूक नाय?"

बघितल्या. आडव्या-उभ्या दांड्यांच्या रेषा वेगवेगळ्या दिशांना जायला हव्यात; इथे सगळ्या एकाच दिशेने धावत होत्या. अख्खं कोडं एकाच ठोकळ्यातून कोरलेलं!

पहिलं कोडं कुठल्याशा आवराआवरीत गेलं. हे दुसरं अजून ठाण्याच्या घरी शोकेसमध्ये आहे. पाहुणे हातात घेतात, दाबतात, ओढतात, आणि घरातलं कोणीही त्यांना काही सांगत नाही.