भिंतीला तुंबड्या

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! ही म्हण ज्याने कोणी काढली, त्याने कधीतरी आयटी सपोर्टची नाइट शिफ्ट नक्की केली असणार. गिऱ्हाईक नाही, दुकान बंद करता येत नाही, वस्तऱ्याला धार लावून झालीय आणि समोर नुसती भिंत. आमच्याकडे भिंतीऐवजी दोन मॉनिटर असतात, एवढाच काय तो फरक.

नागपुरात कुणालाही सांगा, मी आयटीत आहे. पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे प्रोग्रामिंग?" नाही हो, सपोर्ट. अमेरिकेतल्या एका कंपनीचे लॅपटॉप, प्रिंटर, सर्व्हर, पासवर्ड यांपैकी काहीही रुसलं की तिथला माणूस तिकीट टाकतो आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये बसलेली मी ते उचलते. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं तासभर सरकतात, आपली सरकत नाहीत. त्यामुळे वर्षातून दोनदा आमची कॅब, जेवण, झोप सगळंच तासाने हलतं.

आता या नऊ तासांत खरं काम किती? सोमवार सोडून द्या. सोमवार म्हणजे वीकेंडला पासवर्ड विसरलेल्यांचा वार, पाणी प्यायला फुरसत नसते. बाकी दिवशी तीन तास, फार तर साडेतीन. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तर रात्रभर चिटपाखरू फिरकत नाही. ख्रिसमस ते न्यू इयर 'चेंज फ्रीज' असतो, म्हणजे चालू सिस्टिमला कुणी हात लावायचा नाही. आणि जिथे कुणी हात लावत नाही तिथे फारसं काही बिघडतही नाही, हे आम्हा सपोर्टवाल्यांचं जुनं गुपित!

"तुझं बरंय यार, बसून पगार!" हे पुण्याहून येतं. कॉलेजच्या आमच्या ग्रुपमधल्या सात जणींपैकी पाच हिंजवडी-खराडीत आहेत, एक बंगळुरात. मी इथे राहिले, कारण आई-बाबा इथे आहेत, घर इथे आहे आणि इथे मिळाली ती नोकरी ही. रिकामा वेळ पॅकेजमध्येच आला, विदर्भाच्या उन्हासारखा. न मागता आणि भरपूर.

पण या वेळात एक गोम आहे. तो दिसतो सुट्टीसारखा, असतो मात्र दावणीला बांधलेला. दावं लांब असलं म्हणून काय झालं? पी-वन तिकीट, म्हणजे एखादं गोदामच ठप्प झालं असं तिकीट, आलं की पंधरा मिनिटांत माणूस लाइनवर हवा. म्हणजे एक कान सतत टवकारलेला. सुरुवातीच्या महिन्यांत मी वेबसीरिजचा फडशा पाडला, बारा-बारा मिनिटांचे तुकडे करून. मग हळूहळू लक्षात आलं की रविवारी, घरी, फोन लांब ठेवून पुस्तक घेतलं तरी दुसऱ्या पानावर मान आपोआप वर होते. कोणी बोलावलं का? तेव्हा मात्र मी टरकले. पगार खात्यात जमा होताना दिसतो. खात्यातून काय जातंय, त्याचा एसेमेस येत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी सीव्ही उघडून बसावं तर पासवर्ड रीसेट करण्याचा अनुभव किती वर्षांचा म्हणून लिहायचा, इथेच गाडी अडते.

या दुखण्याला नावही आहे बरं का. २००७ मध्ये दोन स्विस सल्लागारांनी 'बोअरआउट' हा शब्द आपल्या पुस्तकातून चालवला. बर्नआउट झाला म्हणा, लोक हळहळतील. बोअरआउट झाला म्हणून बघा, टाळी मागतील! आणि काहीच न करता बसणं माणसाला किती जड जातं याचा तर प्रयोगच झालाय. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. सोबतीला फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी निदान एकदा तरी ते दाबलंच. आमच्या बे-मध्ये हा किस्सा मी सांगितला तेव्हा पोरांनी विचारलं, "किती व्होल्टचा?"

रिकामं बसण्यापेक्षा वाईट एकच गोष्ट, कामात असल्याचं नाटक. चॅटवरचा आपल्या नावापुढचा हिरवा ठिपका पाच मिनिटं काही हललं नाही की पिवळा होतो. मग त्याला हिरवा ठेवण्याचे एकेक फंडे. कुणी माऊस चक्क मनगटी घड्याळावर ठेवतं, सेकंदकाटा फिरला की खालच्या सेन्सरला वाटतं माऊस हलतोय. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने की-बोर्ड चालू असल्याचा आभास केल्यावरून डझनभराहून अधिक लोकांना घरी पाठवलं होतं. मला त्यात नीती-अनीतीपेक्षा मेहनत दिसते. काम नाही हे लपवायला माणूस केवढं काम करतो! आणि ती मेहनत करून घरी आलं की कामाचा थकवाही येतो आणि काम केल्याचं समाधानही नाही.

मला यातला पहिला शहाणा शब्द मिळाला तो घरातच. बाबा नागभीड लाइनवर गेटमन होते. तीच ती इतवारीहून निघून उमरेड, भिवापूर करत जाणारी नॅरोगेज, २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली ती. दिवसातून मोजक्या गाड्या. स्टेशनातून फोन आला की गेट लावायचं, झेंडा घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की रजिस्टरात वेळ लिहायची. एकदा पहाटे कॅबमधून उतरले तर बाबा अंगणात जागेच. म्हणाले, "काय करून राह्यते वं तू रात्रभर तिथं?"

"खरं सांगू? बहुतेक वेळ काहीच नाही."

"म्हणजे गेटमनच झाली तू," ते म्हणाले. "फोन आला का गेट लावायचं. नाई आला तं नाई आला, हे पाहून राहायचं. पगार त्याचाच असते."

मग ते त्यांच्या गेटबद्दल बोलत बसले. खोलीच्या मागे त्यांनी वांगी, भेंडी लावली होती. खाटांची नवार विणून द्यायचे. पण रेडिओवरची मॅच कधीच ऐकायचे नाहीत. का? "मॅच मधात सोडवत नाई. हातातलं काम असं पाह्यजे, का फोन वाजला तं खाली ठेवता आलं पाह्यजे, आन् पुन्हा उचललं तं कुठवर आलो होतो ते दिसलं पाह्यजे."

टाइम मॅनेजमेंटच्या दोन ट्रेनिंगा कंपनीने दिल्यात मला, प्रमाणपत्रासकट. त्यात हे नव्हतं.

तशी नागपूरला रात्री जागून वाट बघायची सवय जुनीच. १९४९ मध्ये इथे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असण्याचा हा फायदा. चारातलं एक उशिरा आलं तर बाकीचे वैमानिक काय करत असतील, याचा अंदाज मी घरबसल्या देऊ शकते.

तर बाबांची कसोटी लावून मी माझे टाइमपास तपासले. व्हिडिओ लेक्चर बाद, तीही मॅचच. ऑनलाइन कोर्स ठेवायचा तर नुसते सराव-प्रश्न. बुद्धिबळ पास, पण पाच मिनिटांचा डाव नाही, तीन दिवसांत एक चाल करायची मुभा असलेला पत्रव्यवहाराचा डाव. आमच्या बे-मध्ये हे खूळ खरं पसरलं ते जुलै २०२५ मध्ये, आपल्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला आणि १९व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली तेव्हा. आता अर्धा फ्लोर घोडे अडवून बसलेला असतो. शिफ्टमधला एक जण एमपीएससीचे प्रश्न सोडवतो. दुसऱ्याची काटोलला संत्र्याची बाग आहे, तो मृगाच्या बहाराचं खतपाणी इथूनच सांगतो. कसोटीला दोघंही उतरतात.

माझी वांगी-भेंडी म्हणजे नोंदी. प्रत्येक विचित्र तिकिटाचं काय झालं, कुठल्या डेपोतला लेबल प्रिंटर काय केल्यावर ऐकतो, कुठल्या लॅपटॉपची रिकव्हरी की कुठे ठेवलीय, हे मी लिहायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. ओळ अर्धी सोडून उठावं लागलं तरी परत आल्यावर अर्धी ओळ तिथेच असते.

१९ जुलै २०२४. शुक्रवार होता. पहाटे घरी येऊन झोपले होते आणि दहाच्या सुमारास फोन. एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातल्या विंडोज मशिन्सनी निळे स्क्रीन टाकले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते, आठवत असेल. उपाय तसा सोपा होता. मशीन सेफ मोडमध्ये चालू करा, एक फाइल उडवा, पुन्हा चालू करा. पण ते प्रत्येक मशीनपुढे बसून करायचं आणि डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी की टाकायची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तिथे मध्यरात्र उलटलेली. ओहायोतल्या गोदामातली एक बाई फोनवर, मी आकडे वाचतेय, ती टाइप करतेय, सहाव्या गटात चुकतं, पुन्हा पहिल्यापासून. तिच्यानंतर पुढचा, मग पुढचा. कोणती की कुठे, हे माझ्या नोंदींत होतं, त्यामुळे सहाही जण एकाच वेळी वाचू शकलो. शनिवारी संध्याकाळी मी घरी गेले आणि बाबांनी फक्त विचारलं, "गाडी मोठी होती काय?"

एवढं झाल्यावर कंपनी हार घालेल असं वाटलं ना? पुढच्या वर्षीच्या रिव्ह्यूला मॅनेजरने शीट उघडली. टीमचं युटिलायझेशन ४० टक्के. सहा माणसं कशाला, चार पुरे. जुलैचं सांगितलं तर म्हणाले, असा दिवस दहा वर्षांतून एकदा येतो. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. पण तोवर रिकाम्या रात्रींत मी रांगांचं गणित वाचलं होतं. एर्लांग नावाचा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती, १९०९ पासून त्याने यावर लिहिलं, कॉल सेंटरची माणसं आजही त्याच्याच सूत्रांनी मोजतात. सगळ्यात साधा हिशोब बघा. एक माणूस, एक तिकीट सरासरी वीस मिनिटांचं, तिकिटं वाटेल तेव्हा येणारी. हा माणूस निम्मा वेळ कामात असेल तर गिऱ्हाइकाला रांगेत सरासरी वीस मिनिटं थांबावं लागतं. त्याला ८० टक्के जुंपा, थांबणं ८० मिनिटं. ९० टक्के केलं तर? तीन तास! माणूस जेमतेम थोडा जास्त राबतो आणि रांग सीताबर्डीच्या दिवाळीसारखी. कारण सरळ आहे. तिकिटं ठरवून, ओळीने येत नाहीत, दोन-तीन एकदम येतात, आणि तेव्हा मोकळा माणूस लागतो. तो मोकळा माणूस आधीपासून मोकळा बसलेला असावा लागतो.

हा तक्ता मी त्यांना दाखवला. आमच्या टीमला तो तंतोतंत लागू नाही, सहा जण असले की आकडे सौम्य होतात, हेही सांगितलं. ते बराच वेळ ९० टक्क्यांच्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, हे मला मेलवर टाक. वरून निरोप आला, पाच.

गेलेला सहावा म्हणजे संत्र्यांवाला. त्याला फारसं दुःख झालं नाही, पण मला झालं. आता पासवर्ड रीसेटचं काम बरंचसं चॅटबॉट करतो. सोमवारसुद्धा आमचा राहिला नाही. येतात ती तिकिटं कमी, पण एकेक नमुनेदार. तास-दोन तास खाणारी. मधली शांतता त्यामुळे आणखी लांब झालीय आणि शीटवर आणखी वाईट दिसते. मैत्रिणींचं "ये ना पुण्याला" चालूच आहे. पाचवी जागा पुढच्या रिव्ह्यूपर्यंत आहे, म्हणून मी त्या शीटमध्ये एक कॉलम वाढवून घेतलाय: तिकीट पडल्यापासून माणसाने ते उचलेपर्यंत किती मिनिटं गेली. टीमच्या प्रत्येक तिकिटाची नोंद रोज मीच भरते. वेळ आहेच.