'कट' म्हटल्यावर मूल कुणाकडे बघतं

शॉट चालू असताना मूल काम कसं करतंय हे सगळेच बघत असतात. मी 'कट' झाल्यावर बघते. त्या क्षणी त्याची नजर जिकडे वळते, तिकडे त्याचा खरा दिग्दर्शक उभा असतो. कधी ती मॉनिटरमागच्या माणसाकडे जाते, कधी समोरच्या नटाकडे. बहुतेक वेळा मात्र ती लाइटस्टँडच्या आडोशाला, पर्स छातीशी धरून उभ्या असलेल्या आईकडे जाते. आईने मान हलवली की शॉट चांगला, ओठ मुडपले की वाईट. दिग्दर्शक 'एक नंबर!' म्हणून ओरडला तरी त्या मुलाच्या लेखी निकाल आधीच लागलेला असतो. (बाबाही असतात सेटवर, नाही असं नाही. पण मुलाच्या शूटिंगसाठी नोकरी सोडलेली मला भेटते ती आईच.)

मुलांची तयारी करून घेणं हे माझं काम. श्रेयनामावलीत त्याला दर वेळी वेगळं नाव मिळतं: अभिनय मार्गदर्शन, कार्यशाळा, बालकलाकार समन्वय. अनेकदा नावच नसतं. सेटवर मी 'मुलांची ताई'. मी आले बालनाट्यातून. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' सुरू करून 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं, १९६२ मध्ये रत्नाकर मतकरींनी 'बालनाट्य' ही संस्था काढली. आमच्या पिढीच्या मे महिन्यातल्या शिबिरांचं मूळ तिथे आहे. नाटकात मुलाला तालीम मिळते. चुकायला, कंटाळायला, संहितेतलं वाक्य 'हे मी असं म्हणणार नाही' म्हणून नाकारायला वेळ असतो. कॅमेऱ्यासमोर तो नसतो. सकाळी मूल गोरेगावच्या फिल्मसिटीत किंवा मढच्या एखाद्या बंगल्यावर येतं, मेकअप होतो, पानं हातात पडतात आणि दुपारी त्याने आजी गेल्याचं दुःख करायचं असतं.

रडण्याचा सीन असला की सेटवर एकदम मानसशास्त्रज्ञ वाढतात. प्रत्येकाकडे युक्ती तयार. एका चित्रपटाच्या वेळी आठेक वर्षांची मुलगी होती. जेवता जेवता तिला आजी गेल्याचं कळतं, असा प्रसंग. सहायकांपैकी एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, तिला सांगून टाकू का, तुझी आई तुला सोडून गावी गेली म्हणून? पटकन होईल." ही सूचना करणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याला दोन मुलं होती, ऊन उतरायच्या आत सीन संपवायचा होता, इतकंच.

मी अर्धा तास मागून घेतला. मुलीला म्हटलं, या सीनमध्ये तुला रडायचं नाहीये. तू ठरवलंयस की सगळ्यांसमोर रडायचं नाही. पण तोंडात घास आहे आणि तो काही केल्या खाली जात नाहीये. मग आम्ही नुसतं गिळण्याचा सराव केला. ओठ मिटलेले, श्वास नाकाने, नजर ताटाच्या काठावर. घास एका गालातून दुसऱ्या गालात. पुन्हा गिळायचा प्रयत्न. तिसऱ्या खेपेला हनुवटी आपोआप थरथरायला लागते, कारण ओठ आवळून धरले की तिथला स्नायू दमतो. हे शरीराचं काम आहे, त्याला दुःखाची गरज लागत नाही. मग डोळ्यांच्या कडेला पाण्याचा एक थेंब. ग्लिसरीन मी मुलांच्या डोळ्यांत घालू देत नाही. शॉट लागला, झाला, 'कट' म्हटलं गेलं, आणि ती मला म्हणाली, "आता पापड खाऊ?" ताटातला पापड कंटिन्यूइटीसाठी तिला खाऊ दिला नव्हता, तेवढंच तिचं त्या दिवसाचं दुःख होतं.

खोटंखोटं खेळणं मुलांना आपल्याहून चांगलं जमतं. भातुकलीत वाळूचा भात वाढणारी मुलगी 'गरम आहे हं' म्हणते, फुंकर मारते, पण तो कधी तोंडात घालत नाही. तिला दोन्ही ठाऊक असतं. मुलाला फसवून खरं रडवणारा दिग्दर्शक नेमकी हीच जाण नाकारत असतो. तू कलाकार नाहीस, तुझ्या डोळ्यांतलं पाणी तेवढं मला हवंय, असं तो त्या मुलाला सांगत असतो.

जगाच्या सिनेमात असे किस्से कौतुकाने सांगितले जातात. १९३१ साली हॉलीवूडमध्ये 'स्किपी' नावाचा चित्रपट आला. त्याचा दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉग हा बालनट जॅकी कूपरचा नात्यातलाच. मुलगा रडेना म्हणून त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याची धमकी दिली गेली. टॉरॉगला ऑस्कर मिळालं. कूपरने पन्नास वर्षांनी, १९८१ मध्ये, आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'प्लीज डोन्ट शूट माय डॉग'. डी सिकाच्या 'बायसिकल थीव्हज'बद्दलही सांगतात, की लहानग्या एन्झो स्टायोलाच्या खिशात सिगारेटची थोटकं टाकून त्याच्यावर आळ घेतला आणि तो रडला तेव्हा कॅमेरा चालू केला. तो चित्रपट मला अतिशय प्रिय आहे. पण फिल्म सोसायटीतल्या गप्पांत हा किस्सा निघाला आणि लोक 'काय डोकं!' म्हणून हसले, की मला त्यात हसता येत नाही.

नीती क्षणभर बाजूला ठेवू. निव्वळ धंद्याच्या हिशेबानेही ही युक्ती वाईट आहे. ती एकदाच चालते. दुसरा टेक कसा घेणार? फोकस हुकला, मागून विमान गेलं, समोरच्या नटाचं वाक्य अडखळलं, तर पुन्हा कुठली आई गावी पाठवणार? शिवाय उरलेले सगळे दिवस ते मूल सेटवरच्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे संशयाने बघतं. गिळण्याचा सराव केलेली मुलगी मात्र सहावा टेकही पहिल्यासारखाच देते.

मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे!'च्या आधी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांची कार्यशाळा बॅरी जॉन यांनी घेतली होती. आमच्या क्षेत्रात अजूनही तिचं उदाहरण दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. चित्रपट १९८८ चा. त्यातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, तो आजही मुलांसाठी काम करतो. त्याच चित्रपटातल्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे तो बेंगळुरूला रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवणं हे काही वाईट काम नव्हे. पण एखाद्याला बाराव्या-तेराव्या वर्षी सांगायचं की तुझ्यात असामान्य काही आहे आणि मग फोन उचलायचा नाही, याचं पुढे काय होतं, हे कुठलीच कार्यशाळा हाताळत नाही. माझीही नाही.

अमोल गुप्ते यांनी 'स्टॅनली का डब्बा'साठी वेगळी वाट काढली. शाळेत शनिवारी कार्यशाळा घ्यायच्या, छोट्या कॅमेऱ्यावर चित्रण करायचं, मुलांची शाळा बुडू द्यायची नाही. दीडेक वर्ष हे चाललं आणि २०११ मध्ये चित्रपट आला. त्याचा विषयही खाणावळीत राबणाऱ्या मुलाचा. मुलांच्या श्रमावर चित्रपट करताना मुलांना राबवायचं नाही, हा साधा मेळ किती जणांनी घातलाय? 'शनिवारी शनिवारी शूट कसं परवडेल' असं मला निर्माते विचारतात, तेव्हा मी हेच नाव घेते. ते हसतात आणि सलग शेड्यूल लावतात.

आता कौटुंबिक चित्रपटांविषयी. 'सहकुटुंब पाहावा असा' म्हणून जो माल विकला जातो, त्यात मुलाला बहुधा एकच नोकरी असते: मोठ्यांचं मोडलेलं जोडून देणं. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाची १९४९ ची कादंबरी घ्या. विभक्त आईवडिलांच्या जुळ्या मुली एकमेकींच्या जागी जातात. तिच्यावरून १९६१ मध्ये हॉलीवूडचा 'द पेरेंट ट्रॅप' झाला, १९६५ मध्ये तमिळ 'कुळन्दैयुम देय्वमुम', १९६८ मध्ये हिंदी 'दो कलियाँ'. या हिंदी चित्रपटात दोन्ही बहिणी बेबी सोनियानेच केल्या, म्हणजे पुढच्या नीतू सिंगने. गोष्ट गोड आहे, लहानपणी मलाही आवडायची. हल्ली ती बघताना वाटतं, या मोठ्या माणसांना आपापसात बोलायला काय झालं होतं? अहंकार त्यांचे, भांडणं त्यांची आणि धावपळ पोरींची. शेवटी मुलांनी आईबापांचे हात एकमेकांत दिले की थिएटरात सगळे डोळे पुसतात. मूल तेवढं शहाणं निघालं याचं आपल्याला फार कौतुक. ते शहाणं व्हायची गरज का पडली, हे विचारत नाही.

म्हणूनच 'श्वास' मला वेगळा वाटतो. २००४ चा संदीप सावंत यांचा हा चित्रपट. कोकणातल्या परश्याच्या डोळ्यांना कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार आणि दृष्टी जाणार. मोठी माणसं गडबडून गेली आहेत. पण शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगायलाच हवं, हा आग्रह त्या कथेच्या मध्यभागी आहे. कोण सांगणार, कोणत्या शब्दांत, यावर मोठ्यांची घालमेल चालते. आजोबा त्याला जग शेवटचं दाखवायला दवाखान्यातून घेऊन जातात. अश्विन चितळेला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे मुलाच्या निरागसतेवर भागवलेलं नाही. मूल चिडतं, हट्ट करतं, घाबरतं, आणि सत्य ऐकण्याचा त्याचा हक्क कथा मान्य करते. मराठीत असं क्वचित होतं, आणि झालं की लोकांना ते आवडतं हेही तितकंच खरं.

मालिकांचं जग आणखी निराळं. तिथे मुलासाठी सगळ्यात क्रूर शब्द आहे 'लीप'. कथा एका रात्रीत कित्येक वर्षं पुढे जाते. सोमवारी जी छोटी होती, तिच्या जागी मंगळवारी विशीतली नायिका येते. त्याच नावाने, गळ्यात तेच लॉकेट घालून. सेटवर केक कापतात, 'तू तर आमची स्टार' म्हणतात. घरी गेल्यावर ती मुलगी टीव्ही लावते आणि आपण ज्यांना 'बाबा' म्हणत होतो, ते दुसऱ्याच मुलीला जवळ घेताना दिसतात. मोठ्या नटांसाठी हा करार संपण्याचा भाग असतो. सहा-सात वर्षांच्या जिवासाठी ते नेमकं काय असतं याची चौकशी चॅनेल करत नाही, कारण त्याच आठवड्यात टीआरपी वाढलेला असतो. मी आता काम घेतानाच सांगते: लीपची बातमी मुलाला किमान दोन आठवडे आधी द्यायची, आणि नव्या मोठ्या अभिनेत्रीशी तिची गाठ घालून द्यायची. एकदा अशी गाठ घातली, तर धाकटीने थोरलीला बजावलं, "ती जिन्यावरून उतरताना शेवटची पायरी उडी मारते. तू पण मार." थोरलीने पहिल्याच दिवशी ती उडी मारली.

पैशाचं बोलायला आपल्याकडे लाज वाटते, मूल मध्ये असलं की जास्तच. चॅप्लिनच्या 'द किड'मधला (१९२१) जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याच्या लाखो डॉलरच्या कमाईतलं फारसं काही उरलं नव्हतं. ते आई आणि सावत्र वडिलांनी उडवलं होतं. त्याने १९३८ मध्ये दावा लावला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. आपल्याकडे बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे; मनोरंजन क्षेत्राला अटींवर सूट आहे. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. चित्रीकरणाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आणि कमाईतली किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, ती सज्ञान झाल्यावरच मिळणार.

कागदावर हे चांगलं आहे. सेटवर पाच तास कधीपासून मोजायचे यावर कायम घोळ. कॅमेरा चालू झाला तेव्हापासून, असं निर्मिती विभाग म्हणतो. मूल मात्र सकाळी सातला मेकअपच्या खुर्चीत बसलेलं असतं, आणि त्याच्या मते वाट बघणं हेच सगळ्यात अवघड काम. मीही त्याच्याच बाजूने मोजते. पैसे नव्वद दिवसांनी येतात, घराच्या हप्त्याची तारीख मात्र पाचच. ज्या घराचा खर्च सात वर्षांच्या मुलावर चालतो, त्या घरात 'आज मला नाही जायचं' हे वाक्य मूल कसं म्हणणार? म्हणालं, तर ऐकणार कोण? नियमात हेही आहे बरं का, की मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला लावता येत नाही.

तेव्हा तुमच्या मुलाला उद्या कुणी 'स्क्रीनवर फार गोड दिसेल हो' म्हणालं, तर हुरळून जायच्या आधी दोन कागद मागा: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत आणि मुदत ठेवीची पावती कधी मिळणार याचं लेखी उत्तर. सेटवरच्या मुलांची जबाबदारी ज्या व्यक्तीवर आहे, तिचं नाव विचारा आणि तिला आधी भेटा. समोरचा 'अहो, एवढं काय त्यात' म्हणाला, तर मुलाचा हात धरून घरी या. भूमिका दुसऱ्या कुणाला मिळेल, मिळू द्या.