झाडे राखण्याचा पेशा

वनस्पतिशास्त्राची पदवी हाती आल्यावर शहरातील झाडे राखण्याचा पेशा पत्करावा की नाही, आणि पत्करल्यास पगारापलीकडे त्यात काय मिळते, अशी पृच्छा भाचीच्या पत्रात होती. त्या पृच्छेचे उत्तर दोन ओळींत आटोपण्यासारखे नसल्यामुळे हे पत्र थोडे लांबले आहे.

वृक्षारोपण आणि वृक्षसंगोपन यांत प्रथम भेद केला पाहिजे. वृक्षारोपणाचा समारंभ तासाभरात उरकतो. पण डांबरी रस्ता, गटारे, वीजतारा आणि इमारतींचे पाये यांच्या दाटीत ते झाड पुढे अनेक दशके उभे ठेवणे, त्याची छाटणी व रोगनिदान करणे, मुळे जपणे आणि ते लोकांच्या जिवाला धोका ठरू लागल्यास काढावे की राखावे याचा निवाडा देणे, या साऱ्यास मिळून वृक्षसंगोपन म्हणतात व ते जाणणाऱ्या तज्ज्ञास आर्बोरिस्ट ही संज्ञा रूढ आहे. महाराष्ट्रात या कामाला १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्याचा आधार आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण, म्हणजे वृक्षतोडीला परवानगी देणारे किंवा ती नाकारणारे मंडळ, स्थापन होते, वृक्ष अधिकारी नेमला जातो आणि ठरावीक काळाने वृक्षगणना करावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. मुंबईत २०१८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गणनेत २९ लाखांहून अधिक झाडे नोंदली गेली, आणि त्या मानाने झाडांची प्रकृती ओळखणारी माणसे फारच थोडी आहेत.

या पेशाचे पहिले फळ म्हणजे झाड जाणण्याची विद्या. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो (१९३०-२००६) यांनी यांत्रिक करवतीने असंख्य खोडे उभी चिरून पाहिली आणि असे दाखवून दिले की, प्राण्याची जखम जशी नव्या ऊतींनी भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड जखमेभोवती रासायनिक व रचनात्मक भिंती उभारून कुजण्याची क्रिया आतच कोंडते आणि त्याबाहेर नवे लाकूड वाढवते. या कप्पेबंदीवरूनच छाटणीचा मुख्य नियम निघाला. फांदी खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर कडे असते. ते राखून त्याच्या लगत बाहेरून काप घेतल्यास झाडाला जखम बंद करता येते, मात्र खोडाशी सपाट छाटल्यास किंवा लांब खुंट सोडल्यास बुरशीला वाट मिळते. याचा अर्थ असा की, जाणत्या हाताचा काप आणि बेफिकीर हाताचा काप हे दोन्ही लाकडात कायमचे नोंदले जातात व कित्येक वर्षांनी खोडाचा छेद घेतला तरी वाचता येतात. स्वतःच्या कामाचा इतका निःपक्षपाती आणि टिकाऊ पुरावा मागे राहणे ही जबाबदारी मोठी आहे, पण मनापासून काम करणाऱ्यास त्यासारखे दुसरे समाधानही नाही.

दुसरे फळ म्हणजे टळलेला अनर्थ. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मुंबईत शेकडो झाडे कोसळली, तेव्हा दोष मुख्यतः वाऱ्याला दिला गेला. वस्तुतः पाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरात आणि पानांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात, रस्त्याकडेला चर खणताना आधाराच्या मुळांसह ती तुटतात, आणि बुंध्याला भिडवून काँक्रीट ओतले की उरलेल्या मुळांचे हवापाणीही तुटते. वृक्षतज्ज्ञ खोडावर हातोडी ठोकून आतील पोकळी आवाजावरून ओळखतो, बुंध्याशी उगवलेल्या गॅनोडर्मा या कठीण बुरशीवरून मुळे सडत असल्याचा संशय घेतो, आणि गरज पडल्यास बारीक सुई लाकडात शिरवून तिला होणारा विरोध आलेखावर नोंदणारे रेझिस्टोग्राफ हे उपकरण लावतो. त्यानंतर कधी काँक्रीट फोडून आळे मोकळे केले जाते, कधी एका बाजूचा भार उतरवला जातो; तर पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष जसे वठले, तसे झाड पुरते वठले असल्यास ते पावसाळ्यापूर्वी काढावे लागते, आणि तेही रक्षणाचेच काम होय. वाचलेले झाड किंवा वाचलेला वाटसरू कोणत्याही अहवालात मोजला जात नाही. तरी त्याचे श्रेय ज्याचे त्याला ठाऊक असते.

तिसरे फळ काळाच्या हिशेबातले आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण बेंगळुरूचे आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या पदरी काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगेल (१८६५-१९५६) पुढे म्हैसूर संस्थानात गेले आणि एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा, अशा क्रमाने त्यांनी त्या शहराच्या रस्त्यांसाठी झाडे निवडली. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली तेथे सुमारे १५ लाख झाडे लागली. त्या सावलीतून जाणाऱ्या बहुतेकांना ही दोन्ही नावे ठाऊक नाहीत, आणि त्यामुळे सावलीत काही उणे येत नाही.

या पेशाची उणी बाजूही तिने जाणून घ्यावी. उंचावर करवत चालवण्यात जिवाची जोखीम आहे, कंत्राटी पथकांना मोबदला अपुरा मिळतो, आणि एकाच फांदीसाठी एक रहिवासी ती तोडा म्हणून तर दुसरा ती का तोडली म्हणून तक्रार करतो. ज्याला कामाचे फळ त्याच वर्षी आणि नावानिशी हवे असते, त्याने या वाटेस जाऊ नये. ज्याला जिवंत वस्तूविषयीचे ज्ञान रोज हाताने पडताळून पाहण्याची हौस आहे आणि नाव न लागता काम टिकले तरी पुरते, त्याच्यासाठी शहरात याहून चांगला पेशा क्वचितच सापडेल. निर्णयापूर्वी तिने एखाद्या अनुभवी वृक्षतज्ज्ञाच्या हाताखाली निदान एक उन्हाळा व एक पावसाळा काढावा आणि मगच अर्ज करावा.