टपाचा मध्य

गाडी रंगवणारा किती पाण्यात आहे हे दरवाजावरून कळत नाही, बॉनेटवरून तर नाहीच. दरवाजा समोर उभा असतो, हात सरळ पोचतो. बॉनेट तीन बाजूंनी हाताखाली येतं. कस लागतो तो टपावर. टपाच्याही कडांना नाही, बरोबर मधोमध, जिथे ड्रायव्हरच्या बाजूने मारलेला रंग थांबतो आणि क्लीनरच्या बाजूने येणारा रंग त्याला गाठतो. त्या चार बोटं रुंदीच्या पट्टीचा मी जितका विचार केला, तितका या धंद्यातल्या दुसऱ्या कशाचाच केला नाही.

फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पावणेपाच फूट रुंद. टप त्याहून अरुंद, पण वाकताना पोट दरवाजाला टेकवता येत नाही. अंग दूर ठेवायचं, होजपाइप खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, नाहीतर तो ओल्या रंगावर लोळतो. एवढं सांभाळून हात पूर्ण ताणला तरच मध्य येतो. आणि हात पूर्ण ताणला की मनगट वळतं, गन तिरकी होते, वीतभराचं अंतर दीड वीत होतं. थिनर वाटेतच उडून जातो आणि पत्र्यावर पडते ती रंगाची कोरडी भुकटी. आधी जवळच्या कडेपासून मध्याकडे जायचं, मग पलीकडे जाऊन मध्यापासून स्वतःकडे यायचं, हा क्रम कुणाही पेंटरला ठाऊक असतो. तो क्रम पाळूनही मध्य का फसतो, हा माझा प्रश्न.

मी घरच्या अंगणात रंगवतो. उद्यमनगरातलं गॅरेज सोडलं तेव्हापासून असंच चाललं आहे. माझ्याकडे येतात त्या वडिलांची फियाट मोडवत नाही म्हणणाऱ्यांच्या गाड्या, पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंगला न्यायच्या मारुती 800, कधीमधी एखादी जीप. गॅरेजने 45 हजार सांगितलेले असतात आणि खिशात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही नसतात. पत्रा, गंज, पुट्टी यांत माझा निम्म्याहून जास्त वेळ जातो. तीन-चार लिटर एनसी, म्हणजे झटकन वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग, आणि त्याहून जास्त थिनर, एवढ्यात बाहेरचं अंग होतं. रंग बदलून मागणाऱ्याला मी आरसी बुकाची आठवण करून देतो. तिथे रंग लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, आणि जुनाच रंग ठेवला तर दरवाजाच्या आतल्या कडाही रंगवाव्या लागत नाहीत. पैसे तिथे वाचतात. टपावर वाचवायचे नसतात.

पण घरचा कॉम्प्रेसर एक हॉर्सपॉवरचा, टाकी 50 लिटरची. दरवाजापुरता तो दमाचा आहे. टपावर मध्याशी येईपर्यंत टाकीतला दाब उतरलेला असतो आणि बारीक तुषारांच्या जागी थेंब येऊ लागतात. म्हणजे जिथे हात कमी पडतो, नेमकी तिथेच हवाही कमी पडते. या एका गोष्टीपायी मी कितीतरी रात्री अंगणात कॉम्प्रेसरशेजारी बसून काढल्या आहेत. शेवटी एक जुनी टाकी दाबाला तपासून घेतली आणि पहिलीच्या पुढे जोडली. साठा वाढला, शिवाय हवा त्या टाकीत थंड होऊन पाणीही तिथेच खाली बसू लागलं. थोडा फरक पडला. पूर्ण नाही.

मग गनचा कप. माझी गन सक्शनची, कप खाली. दरवाजावर ती सरळ उभी असते. टपावर तिचं तोंड खाली जातं, कप आडवा होतो, आतली नळी रंगाच्या वर राहते आणि गन अडखळू लागते. म्हणून कपातल्या नळीचं वाकडं टोक पुढच्या बाजूला वळवून घ्यायचं आणि झाकणातलं हवेचं भोक मागे. हे भोक पुढे राहिलं तर त्यातून एक थेंब येतो. तो येतो तेव्हा हात मध्यावरच असतो, कारण गन सगळ्यात जास्त तिथेच कलते. मी कपाच्या गळ्याला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळतो आणि प्रत्येक गाडीला नवी घेतो. आधीच्या गाडीची चिंधी वाळून कडक झालेली असते, तिचे कण सुटतात. गॅरेजातली पोरं या चिंधीला हसायची. त्यांच्या टपावर थेंब असायचे.

हंगामाचंही तसंच आहे. एनसी रंगाला पावसाळा सोसत नाही. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका पडतो. थिनर सावकाश उडावा म्हणून रिटार्डर घालून मी श्रावणातही गाड्या काढल्या आहेत, पण मनापासून नाही. एप्रिल-मे मध्ये उलट अडचण: ड्रायव्हरची बाजू संपवून बॉनेटला वळसा घालून पलीकडे जाईतो मध्य आवळलेला असतो. राहिली दिवाळी ते शिमगा ही चांगली हवा. सकाळचं दव वाळल्यापासून वारा सुटेपर्यंत, साधारण नऊ ते अकरा. आणि नेमका तेव्हाच आमच्या भागात गुऱ्हाळांचा हंगाम. चुलाणात चिपाड जळतं, त्याची हलकी काळी राख कोसावरून येते आणि ओल्या टपावर उतरते. गुळाचा वास आला की मी गन खाली ठेवतो. पाहुणे म्हणतात, काय छान वास येतोय. मला त्या वासात रंगावर उठलेले काळे ठिपके दिसतात.

आता पीयूबद्दल. हार्डनर मिसळून मारायचा हा रंग एनसीपेक्षा उजवा आहे, यात वाद नाही. पेट्रोल सांडलं तरी उठत नाही, ऊन सोसतो, चकाकी कंपाउंडवाचून येते. आणि तो बराच वेळ ओला राहतो. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. टपाचा मध्य ज्या घाईने आम्ही गाठायचो ती घाईच त्याने संपवली. दोन्ही बाजूंचा रंग सावकाश एकमेकांत मिसळतो. आज गॅरेजात शिकणाऱ्या पोराला मध्य म्हणजे काय हे विचारा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. माझ्या मते त्याचा हात अर्धाच शिकलेला आहे. हे मत मी कुणासमोरही मांडायला तयार आहे.

तरी मी घरी पीयू मारत नाही याचं कारण वेगळं आहे. मी ज्या उस्तादाकडे शिकलो त्याने पीयू आल्या आल्या धरला. तोंडाला ओला रुमाल बांधून मारायचा, सगळेच मारायचे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल त्याला अडवत नाही. एकदा छातीने ते मनावर घेतलं की पुढे जरासा वासही दमा उठवतो. शेवटच्या वर्षांत उस्ताद गॅरेजच्या दारापर्यंत यायचा आणि रस्त्यावरूनच आम्हाला सांगायचा, डावीकडे जाड पडलाय, थांब. आत पाऊल टाकायचा नाही. त्याने जन्मात विडी ओढली नव्हती. बाहेरची स्वच्छ हवा नळीने तोंडाशी आणणारा मास्क असल्याशिवाय, आणि शेजारची पोरं खेळतात त्या अंगणात तर मुळीच, हा रंग मारू नये. कमी पैशांत पीयू करून देतो म्हणणारा पेंटर मास्कचे पैसे वाचवतो, त्याला ग्राहकाने दुरूनच नमस्कार करावा.

रोलरने सिंथेटिक इनॅमल लावून घरची गाडी स्वतः रंगवणारे लोक आहेत. पेंटर त्यांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही. दोन हातांच्या मध्ये पाणीपेपर नीट मारला तर ते काम पाच-सात वर्षं सहज टिकतं, आणि रोलरला मध्य नसतो. फक्त नंतर कुणी त्यावर एनसी मारायला गेलं की थिनरने खालचा इनॅमल सुरकुततो आणि सगळं पत्र्यापर्यंत खरवडावं लागतं. म्हणून गाडी आली की मी आधी थिनरचा बोळा टपाच्या कोपऱ्यात, पन्हळीजवळ, घासून बघतो.

टप रस्त्यावरून दिसत नाही. माझ्या अभिमानाची सगळी गंमत यातच होती. गाडी पूर्ण झाली की मी मालकाला ती समोरच्या दुमजली घराच्या सज्जाखाली लावायला सांगायचो. सावली आहे म्हणायचो. खरं म्हणजे वर उभं राहणाऱ्याने खाली बघावं अशी माझी इच्छा असायची. लालबागला मावशीकडे गेलो की मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तासन्‌तास उभा राहायचो. खालून काळ्या-पिवळ्या फियाट जायच्या, टप पिवळा. पिवळा रंग खालचं झाकत नाही, हात जास्त द्यावे लागतात, त्यामुळे मध्याची रेघ त्यात लगेच उमटते. कुठल्या टॅक्सीचा टप एका दमात झालाय आणि कुठल्या पेंटरने वाटेत थांबून श्वास घेतलाय, ते मी वरून ओळखायचो, आणि मनात म्हणायचो, यापेक्षा माझा बरा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. लोक तिच्या सीटबद्दल, खालच्या आवाजातल्या हॉर्नबद्दल हळहळले. मला त्या पिवळ्या टपांची आठवण आली.

टप मी नेहमी एकट्याने मारला. हेल्परला होज धरायलाही देत नसे. मग उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले, दुखणं उतरलं, पण हात आता खांद्याच्या रेषेपुढे ताणला की थरथरतो. दरवाजे, मडगार्ड, बॉनेट सगळं होतं. मध्य होत नाही.

पुतणी आयटीआय करून नोकरीची वाट बघत होती, तेव्हापासून माझ्याकडे येते. पेपर मारण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. गेल्या हिवाळ्यात एक राखाडी फियाट आली. टपाची वेळ आली तशी ती म्हणाली, "काका, तुम्ही तुमच्या बाजूने मध्यापर्यंत या, पलीकडे जाऊ नका. गन मला वरून द्या." मी म्हटलं, होज रंगावर पडेल. तिने आधीच विचार करून ठेवला होता. कपडे वाळत घालायची तार पुसून घेतली, ती टपाच्या बरोबर वर ओढून बांधली आणि होज तिच्यावरून सोडला.

मी कडेपासून निघालो. मध्याच्या दोन बोटं अलीकडे हात कापायला लागला, तेवढ्यात पलीकडून तिचा हात पुढे आला आणि मी ट्रिगर सोडून गन तिच्या हातात दिली. वळसा नाही, थांबणं नाही. मी जी ओली कड सोडली होती, तिच्यावर अर्धा फवारा चढवत ती स्वतःकडे गेली.

वाळल्यावर मी बॅटरी घेऊन तिरक्या उजेडात टप बघितला. रेघ नव्हती. माझ्या चांगल्या दिवसांतल्या टपांतही बारीक रेघ असायची, मी ती कंपाउंडने मारायचो. इथे कंपाउंड लावायच्या आधीच नव्हती. का, हे मला दोन दिवसांनी उमगलं. ती डावखुरी आहे. ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहिलं की माझा उजवा हात काचेकडे असतो. मी एकटा पलीकडे गेलो की तोच हात डिकीकडे येतो, गनचा कल उलटा होतो, फवारा दुसऱ्या अंगाने पडतो. इतकी वर्षं मी दोन वेगळ्या कलांनी मारलेले दोन अर्धे टप मधे जोडत होतो आणि दोष हवेला, थिनरला, दाबाला देत होतो. पलीकडे डाव्या हाताची माणूस उभी राहिली की तिचाही हात काचेकडेच. दोघांचा कल एकमेकांचं प्रतिबिंब, म्हणून रंग मधे सारखा बसला.

हे कळल्यावर जो आनंद झाला तो खोटा नाही. उस्ताद असता तर आधी त्याला जाऊन सांगितलं असतं. पण मालक गाडी न्यायला आला, टपावर हात फिरवला आणि म्हणाला, "काका, अजून हात तसाच आहे तुमचा." पुतणी तिथेच चिंध्या गोळा करत होती. मध्य तिने मारलाय हे मी त्याला सांगितलं, पण तो निघाल्यावर, फाटकापाशी, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने. का, ते मला माहीत आहे. मला तो टप माझा हवा होता.

तिला आता पीयू शिकायचा आहे. मास्कसाठी ती पैसे साठवते आहे, अर्धे मी घालणार आहे. त्यावर वाद नाही. वाद थिनरचा आहे: तिच्या मते मध्यासाठी रिटार्डर बाराही महिने घालावा, मी म्हणतो हिवाळ्यात त्याने रंग मऊ राहतो आणि पंधरा दिवसांनी हाताचे ठसे उठतात.

पाडव्याआधी एक अँबॅसिडर येणार आहे, काळी. काळ्यात काहीच लपत नाही. ती फियाटपेक्षा हातभर नाही तरी वीतभर नक्की रुंद, तिचा मध्य खांदा धडधाकट असतानाही मला जेमतेम यायचा. स्टूल घेऊन पहिली बाजू मी मारणार, हे पुतणीला सांगून ठेवलं आहे.