पडदा बंद, टीमक्स चालू

लिनक्सच्या टेक्स्ट कन्सोलवर कानांनी काम करणाऱ्या अंध प्रोग्रॅमरला कुणी टीमक्स सुचवलं, की सुरुवातीला तो सुचवणाऱ्यालाच मनातल्या मनात शिव्या घालतो. आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवायची सोय १९८७ मध्ये ‘स्क्रीन’ने दिली, वीस वर्षांनी निकोलस मॅरियटच्या टीमक्सने. तिचं कौतुक होतं ते डोळ्यांच्या अंगाने. पडदा उभा दुभागायचा, डावीकडे लॉग, उजवीकडे कोड, तळाशी हिरव्या पट्टीत घड्याळ. पण स्पीकअप हा कर्नलमधला स्क्रीन रीडर पडद्यावर जे उमटेल ते सिंथेसायझरला बोलायला लावतो. त्याला चौकटी कळत नाहीत, ओळी कळतात. नंबरपॅडवरचा ८ दाबला की चालू ओळ या काठापासून त्या काठापर्यंत ऐकू येते: ‘कनेक्शन टाइम्ड आउट इंपोर्ट ओएस’. निम्मं मेल सर्व्हरचं, निम्मं पायथनचं! त्यात तळाच्या घड्याळाचं मिनिट पालटलं की ऐन ओळीत वेळ सांगितली जाते.

तेव्हा पहिलं काम, पट्टी बंद: ‘सेट डॅश जी स्टेटस ऑफ’. दुसरं, पडदा दुभागायचाच नाही. प्रत्येक कामाला अख्खी विंडो, आणि कंट्रोल-बी दाबून तिचा आकडा.

(पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी १९९५ मध्ये ‘इमॅकस्पीक’ आणून ही कटकट मुळातच टाळली. तिथे पडदा वाचायचाच नसतो. काय बोलायचं ते इमॅक्स या एडिटरलाच ठाऊक असतं. पण त्यासाठी त्यातच बिऱ्हाड करावं लागतं, आणि ते सगळ्यांना मानवत नाही.)

एवढं सगळं छाटल्यावर टीमक्समध्ये उरतं काय? कन्सोल तर ऑल्ट-एफ-टू, एफ-थ्री दाबूनही बदलता येतात. पण दूरच्या सर्व्हरवर तासभराचं काम चालू असताना नेट गेलं, तर ‘टीमक्स अटॅच’ म्हणताच सगळं जागच्या जागी सापडतं. डोळस माणूस विस्कटलेला पडदा एका नजरेत पुन्हा लावतो. कानाला तो ओळीओळीने परत ऐकावा लागतो. त्यामुळे या सोयीची खरी किंमत त्यालाच कळते.

दुसरी गोष्ट मागे सरकलेल्या मजकुराची. २०२० मध्ये कर्नल ५.९ मध्ये स्पीकअपला ‘स्टेजिंग’ या कच्च्या कोडच्या विभागातून बढती मिळाली आणि त्याच आवृत्तीत कन्सोलचं स्क्रोलबॅक काढून टाकलं गेलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. टीमक्स मुळात २००० ओळी जपतं, हा आकडा हवा तेवढा वाढवता येतो. कॉपी मोडमध्ये जाऊन ‘एरर’ मागे शोधला की कर्सर नेमका त्या ओळीवर. कान अशा शोधावरच जगतात. पानभर मजकूर चाळणं त्यांना परवडत नाही. फक्त या मोडमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा उमटतो आणि पहिल्या ओळीला चिकटून वाचला जातो. नव्या टीमक्समध्ये ‘कॉपी-मोड’ या आज्ञेला ‘डॅश मोठा एच’ देऊन तो लपवता येतो.