पितळ आणि विजेची गिटार

भंडाऱ्यास नाव मिळाले ते पितळी भांड्यांनी. घागर विकत घेताना तीवर टिचकी मारून नाद पारखावयाचा, ही आमच्याकडील घरोघरची रीत. विजेच्या गिटारीचा न्याय मात्र अगदी निराळा आहे.

शेजारच्या एका तरुणाच्या गिटारीवर आम्ही हौसेने तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार चढविली. पोलादी तारा ध्वनिक्षेपकातून खणखणीत बोलल्या; खर्ज मुका! कान जवळ नेला तर तार गुणगुणत होती, पण यंत्रास तिची वार्ताच नव्हती. कारण उघड आहे. तारांखालचा 'पिकअप' हवेतील नाद ऐकतच नाही. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे, एवढाच त्याचा संसार. चुंबकित झालेली पोलादी तार थरथरली म्हणजे वेटोळ्यातील चुंबकक्षेत्र हेलावते व वीज उत्पन्न होते. पितळ चुंबकास परकेच. फेरे वाढविले तर आवाज मोठा होतो, परंतु त्याची धार बोथट होते.

ह्या वेटोळ्यास एक खोड आहे. दिव्यांच्या तारांतील, आपल्याकडे सेकंदास ५० आवर्तनांच्या विजेचा घुमाराही ते टिपते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली ह्यावर तोड काढली: शेजारी शेजारी दोन वेटोळी, गुंडाळणी उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. तारेचा स्वर दोहोंत मिळून दुणावतो, घुमारा परस्परांस खाऊन टाकतो. वरचे झाकण त्यांनी जर्मन सिल्व्हरचे केले. जर्मन सिल्व्हर म्हणजे तरी काय? तांबे-जस्तात निकल मिसळलेले, पितळाचे भावंडच. परंतु ते विजेस पितळाहून पुष्कळ अधिक अडविते. पितळी झाकणात जे भोवरी प्रवाह उठतात ते वरचे स्वरांश गिळतात. आमच्या तरुणाने कासाराकडून सुरेख पितळी झाकण ठोकून घेतले होते. ते बसविताच गिटार कांबळ्याखालून बोलू लागली!

दोन वेटोळी तारेचा अधिक रुंद पट्टा ऐकतात, म्हणून अतिसूक्ष्म स्वरांश त्यांतही थोडे हरवतात. जवारीच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या आमच्या कानास ही उणीव बोचते. घुमारा सोसून आम्ही एकवेटोळीच पसंत करू. त्या तरुणास गणपतीच्या मांडवात, विजेच्या माळांखाली वाजवावे लागते. त्याने दुवेटोळी बसविली. पितळी झाकणात आता त्याच्या आईने हळदकुंकू ठेविले आहे.